हंगेरीचा मुलगा, लंडनचा साहेब

लेस्ली हॉवर्ड हा नट जगाला अस्सल इंग्रज साहेब वाटे. तो १८९३ साली लंडनमध्ये जन्मला, पण आडनाव स्टायनर. वडील हंगेरीचे ज्यू. बँकेत कारकुनी, मग पहिले महायुद्ध, मग रंगभूमी. १९३८ साली शॉच्या 'पिग्मॅलियन'च्या चित्रपटात तो उच्चारशास्त्रज्ञ हिगिन्स झाला. अँथनी आस्क्विथबरोबर दिग्दर्शनही त्याचेच. (पु. लं.ची 'ती फुलराणी' याच नाटकावरून.) त्यात हिगिन्स एका फुलवालीची बोली सुधारून तिला बड्यांच्या मेजवानीत नेतो, आणि तिथला भाषापंडित तिला हंगेरीच्या राजघराण्यातली ठरवतो! आम्हां शिक्षकांना इथे हसू येते. स्टायनरच्या मुलाला काय वाटले असेल? १ जून १९४३ रोजी लिस्बनहून परतताना त्याचे प्रवासी विमान जर्मनांनी बिस्केच्या उपसागरावर पाडले. आतले १७ही जण गेले.