कर्मवीर दादासाहेब : रागाला वळण लावणारा नेता



लहान मुलाला वळण लावता येते, मोठा माणूस मात्र आहे तसाच राहणार, असे आपण सहज बोलून जातो. बापाचा संताप, विहाराच्या बैठकीतली हमरीतुमरी, भावाभावांतला वर्षानुवर्षांचा अबोला, सारे या एका वाक्याखाली झाकले जाते. आम्हा शिक्षकांच्या तोंडीही ते असते. पण ते खरे नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या नाशकातच आहे. इंदिरानगराहून निघा, गोदावरी ओलांडा, पंचवटीत काळाराम मंदिरासमोर क्षणभर उभे राहा आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे आयुष्य आठवा.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले असताना लढ्याचा रोजचा भार नाशकात दादासाहेबांनीच वाहिला.

तुम्हीच विचार करा. सत्याग्रही खेड्यापाड्यांतून आलेली मोठी माणसे होती. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान त्यांच्या पोटात होता. बंद दारासमोर बसायचे, शिवी ऐकायची, पण हात उचलायचा नाही आणि पायही मागे घ्यायचा नाही. ९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. पुढे आपल्या लोकांना दुकानात माल मिळेना, मुलांना शाळा बंद झाल्या. तरीही तुकड्या येतच राहिल्या.

हेच प्रौढांचे शिक्षण होते. त्याला वर्ग नव्हता, फळा नव्हता. भीती वाटते हे ओळखायचे, राग आला की त्याला शिस्तीच्या जुवाला जुंपायचे, आणि शेजारी बसलेल्याला धीर द्यायचा. रोज केले म्हणून ते अंगवळणी पडले. १९९० साली सॅलोवे आणि मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा क्षमतेला भावनिक बुद्धिमत्ता म्हटले. तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच अष्टांगिक मार्गात सम्यक् व्यायाम आणि सम्यक् स्मृती सांगून तिचा सराव घालून दिला होता.

खरी परीक्षा पुढेच होती. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवावा असे कळवले. देऊळ उघडणे हे आपले साध्य नव्हते, समाज जागा करणे हे होते, असा त्याचा आशय होता. चार वर्षे ज्या दारासाठी मार खाल्ला, ते बंद असतानाच उठायचे! पण दादासाहेबांनी हेका धरला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हाही ते बाबासाहेबांच्या पाठीशी होते. १९५६ साली धम्मदीक्षेने या वाटचालीला मुक्काम मिळाला.

तीच शिस्त त्यांनी पुढे भूमिहीनांना दिली. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून झालेल्या सत्याग्रहांत असंख्य स्त्री-पुरुष शांतपणे तुरुंगात गेले. पण एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला, आणि ती फूट दादासाहेबांनाही सांधता आली नाही. परक्याच्या दगडासमोर शांत राहिलेला समाज आपल्याच माणसाच्या शब्दाने पेटला. शिक्षण तेथे अपुरे राहिले. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. तो धडा आपल्यासाठी शिल्लक आहे.

म्हणून वाचकहो, बावीस प्रतिज्ञा म्हणताना अष्टांगिक मार्गाच्या प्रतिज्ञेपाशी जरा थांबा. आज घरात आवाज चढला, तर उत्तर देण्याआधी आपल्या रागाकडे एकदा पाहा. ज्याच्याशी अबोला आहे, त्याला विहारात शेजारी बसवा. काळारामाच्या दारात आपल्या आज्यांना जे जमले, ते आपल्याला आपल्याच उंबरठ्यात जमू नये काय?

जयभीम. नमो बुद्धाय.