नोकरी सोडली, छापखाना सोडला. चाळिशी ओलांडलेले फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले

दादासाहेब फाळक्यांचा बायोडेटा आज कुठल्या एचआरच्या हातात पडला, तर पहिली शंका हीच येईल की हा माणूस एका जागी टिकत का नाही?

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म. जेजे स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला, पण प्लेगने बायको आणि मूल नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडली. प्रोफेसर केळफा (फाळके उलटं वाचा) या नावाने जादूचे प्रयोगही केले. छापखाना काढला, तर भागीदारांशी बिनसलं.

त्यानंतर मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर आपले राम-कृष्ण का नाहीत, हा विचार डोक्यातून जाईना. घरात पैसा नाही, त्यात सतत सिनेमे पाहून डोळे बिघडलेले. तरी १९१२ मध्ये लंडन गाठून कॅमेरा आणला. सावकाराला पटावं म्हणून वाटाण्याचं रोप उगवताना शूट केलं!

खरी जोखीम मात्र पत्नी सरस्वतीबाईंच्या अंगावर होती. दागिने त्यांचेच गेले. सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला भोकं पाडायचं कामही.

तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या साळुंकेंना साडी नेसवली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच होते.