इलेक्ट्रॉन मोजणारा माणूस : बर्न्ड मॅथियास

हॉस्टेलवर चोरून लावलेली कॉइल तापते ती रेझिस्टन्समुळे. खूप थंड केल्यावर हाच रेझिस्टन्स एकदम शून्य झाला की तो पदार्थ सुपरकंडक्टर. असे पदार्थ शोधण्याचा बर्न्ड मॅथियास यांना जन्मभर नाद होता.

जन्म १९१८ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. १९४३ मध्ये झुरिकला पीएच.डी., १९४७ मध्ये अमेरिका, मग बेल लॅब्ज. शिकागोला असताना एन्रिको फर्मी यांनी त्यांना या वाटेला लावलं. त्यांची पद्धत आपल्या सरांना अजिबात पटली नसती. डेरिव्हेशन वगैरे काही नाही! पिरिऑडिक टेबल समोर घ्यायचं, दर अणूमागे बाहेरचे इलेक्ट्रॉन सरासरी किती ते मोजायचं आणि आकडा पाच किंवा सातच्या आसपास आला की भट्टी पेटवायची. १९५४ मध्ये याच शोधात सहकाऱ्यांबरोबर नायोबियम-टिन हाती लागलं, १८ केल्विनला सुपरकंडक्टर. मोठ्या मॅग्नेटमध्ये ते आजही वापरतात. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांची प्रसिद्ध थिअरी आली, तरी मॅथियास तिच्यावर खूश नव्हते. सुपरकंडक्टिव्हिटी का होते ते ती सांगते, पण पुढचा पदार्थ कुठला घ्यायचा ते सांगत नाही. मला तरी यात त्यांचं बरोबर वाटतं.

खरी गंमत १९६५ ची. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे थर पानांसारखे एकावर एक असतात. वहीत पिंपळपान ठेवावं तसे त्या थरांमध्ये पोटॅशियमचे अणू सरकवता येतात. ते आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन कार्बनच्या थरांना देऊन टाकतात. नुसतं ग्रॅफाइट सुपरकंडक्टर नाही, नुसतं पोटॅशियमही नाही. पण हॅने, गेबॉल, मॅथियास आणि मंडळींनी दोघांचं ते सोनेरी संयुग थंड केलं आणि रेझिस्टन्स गायब! तापमान मात्र एक केल्विनच्याही खाली, त्यामुळे उपयोग शून्य.

ऑक्सिजनपासून लांब राहा, मॅग्नेटिक पदार्थ टाळा, इन्सुलेटर टाळा आणि थिअरीवाल्यांपासूनही जपून राहा, असे नियम त्यांच्या नावावर सांगतात. १९८० मध्ये, ६२ व्या वर्षी ते कॅलिफोर्नियात वारले. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना ३० केल्विनच्या वरचा सुपरकंडक्टर सापडला, तोही झुरिकजवळच. त्यात तांब्याचे आणि ऑक्सिजनचे थर होते आणि डोपिंगआधी तो पदार्थ इन्सुलेटर होता, वर मॅग्नेटिकसुद्धा! म्हणजे नियमांची पार वाट लागली. ग्रॅफाइटचं काम मात्र टिकलं. २००५ मध्ये पोटॅशियमच्या जागी कॅल्शियम सरकवून बघितलं, तर तापमान थेट ११.५ केल्विनवर गेलं.