निवडुंगाच्या माळावरचा कारखाना

बेळगावातील किर्लोस्कर रस्त्याने आपण नित्य जातो-येतो. परंतु लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला चालता कारखाना याच गावातून उचलून न्यावा लागला, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक असेल?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचेही गाव हेच. लक्ष्मणरावांचे मन शालेय पुस्तकांत रमेना; त्यांना ओढ चित्रांची आणि यंत्रांची. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे आपल्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही, असे त्यांना आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा मात्र सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात प्रावीण्य मिळवून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले व ते बेळगावास परतले. आम्हां शिक्षकांस हे धाडस वाचूनच धडकी भरते!

बेळगावात बंधूंसह सायकलींचे दुकान होते. तेथे सायकली विकीत, दुरुस्त करीत व चालविण्यासही शिकवीत. त्याच्याच जोडीला लक्ष्मणरावांनी लहानसा कारखाना थाटला. इंग्रजी ग्रंथ व मासिके चाळावीत, आकृती काढावी, हाताने घडवून पाहावे, असा त्यांचा क्रम असे. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. तोवर तयार नांगर तसेच पडून राहिले.

कोठे जम बसू लागला, तोच नगरपालिकेने जागा सोडण्यास फर्माविले. यंत्रे हलवावयाची, कामगारांस सांभाळावयाचे, आणि जावयाचे कोठे? या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली व कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाने गच्च भरलेले व नागांनी बुजबुजलेले माळरानच ते! १९१० साली मोजके कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. निवडुंग तोडणे, साप मारणे व छपरे उभारणे ही कामे एकदमच सुरू झाली. कारखान्याबरोबर घरेही हवी होती, कारण आसपास गाव नव्हते.   बंधू रामुअण्णांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था पाहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस रात्रीच्या राखणीवर ठेवण्याचे धैर्यही या वाडीने दाखविले. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता.

पहिल्या महायुद्धात कोळसा व लोखंड दुर्मीळ झाले. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून भट्टी पेटती ठेवावी लागली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळून नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. मिरजेहून पुण्याकडे जाताना गाडी त्या माळापाशी येते. कुंडल रोड हे जुने नाव जाऊन स्थानकाच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले दिसते.