घाशीराम कोतवाल : माणूस गेला, शब्द राहिला

मराठीत काही माणसांची नावे त्यांच्यापुरती उरलेली नाहीत. घरभेद्या दिसला की सूर्याजी पिसाळ आठवतो, कारस्थानी भेटला की शकुनी. तसाच पोलीस अधिकारी जुलमी निघाला की घाशीराम. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, जिथे मराठी माणूस वस्ती करून राहिला तिथे हा शब्द त्याच्याबरोबर गेला आहे. कोठडीत कोणी दगावला किंवा फौजदाराने एखाद्या निरपराधाला गुरासारखे बडवले, की दुसऱ्या दिवशीच्या निषेधाच्या पत्रकात हे नाव हटकून येते. आम्हीही आमच्या बातम्यांना ते मथळा म्हणून दिलेले आहे. शब्द इतका हाताशी असला, की त्याच्या मागचा माणूस कोण होता हे विचारायचे राहून जाते. ते आज विचारावे असे आम्हांला वाटते, कारण त्याची कहाणी नीट पाहिली तर हा शब्द आपण थोडा चुकीचा वापरतो आहोत असे दिसते.

धास्तावलेले शहर

घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. औरंगाबादेकडून तो पुण्यात आला आणि नाना फडणविसांच्या मर्जीत बसला. १७७७ साली त्याच्याकडे पुण्याची कोतवाली आली आणि १७९१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १४ वर्षे, ती त्याच्याकडेच राहिली.

ही नेमणूक कोणत्या दिवसांत झाली हे लक्षात घेतले पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. जे पहाऱ्याला ठेवले होते, त्यांनीच धन्याला मारले. कुंपणाने शेत खाल्ल्याचा याहून मोठा दाखला पेशवाईत नाही. पुढच्या वर्षी सवाई माधवराव जन्मले आणि तान्ह्या पेशव्याच्या नावाने बारभाईंचा कारभार सुरू झाला. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा तोतया फौज जमवून बसला होता. १७७६ च्या अखेरीस त्याला पुण्यात देहान्त शासन झाले. १७७८ मध्ये तर नानांचे चुलतबंधू मोरोबा यांनीच काही काळ कारभार हिसकावून घेतला.

अशा काळात राज्यकर्त्याला रात्री शांत झोप लागत नाही. शहरात कोण आले, कोण गेले, कोणाकडे कोणाची बैठक झाली, हे त्याला सकाळी कळायला हवे असते. नानांची हेरगिरी तर साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेली. घाशीराम त्यांच्या उपयोगी पडला तो इथे. त्याची बढती चोर पकडण्यापेक्षा बातम्या पुरवण्यावर अवलंबून होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

एका हाती सगळ्या किल्ल्या

पेशवाईतला कोतवाल म्हणजे आजचा फौजदार नव्हे. पेठापेठांतल्या चावड्या त्याच्या हाताखाली असत. रात्रीची गस्त त्याची. शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद त्याची. बाजारातल्या मालाचे भाव, घर-जागेची खरेदी-विक्री, सरकारी कामाला लागणारे मजूर, यांवरही त्याची नजर. पेठेतले तंटे त्याच्यापुढे येत आणि तो दंडही करी. म्हणजे पकडणारा तो, चौकशी करणारा तो, बऱ्याच बाबतीत निवाडा देणाराही तोच.

रात्री ठरलेल्या वेळी तोफ होई. तोफेनंतर परवान्यावाचून रस्त्यावर दिसणारा माणूस गस्तवाले धरून नेत आणि सकाळपर्यंत अडकवून ठेवत. परदेशी पाहुण्यांनी या बंदोबस्ताचे कौतुक केले आहे. चोऱ्या कमी होत असतीलही. पण ज्याला घरच्या आजाऱ्यासाठी वैद्याकडे धावायचे आहे, त्याच्यावर या बंदोबस्ताखाली काय प्रसंग येत असेल, याची कल्पना संचारबंदी पाहिलेल्या वाचकाला सहज करता येईल.

आता प्रश्न असा, की या कोतवालाविरुद्ध दाद मागायची झाली तर ती कोणाकडे? पुण्यात न्यायाधीश होते. रामशास्त्र्यांची परंपरा त्या शहराचीच. पण कोतवाल उत्तरदायी होता तो नानांना, आणि नानांकडे शहराची खबर पोचवणारा माणूसही मुख्यतः कोतवालच. त्याच्या जुलमाची गाऱ्हाणी लोकांच्या ओठांवर होती. ती वाड्यापर्यंत पोचायची वाट मात्र त्याच्याच चावडीवरून जात होती. १४ वर्षे कारभार चालला तो यामुळे. माणूस किती दुष्ट होता हा प्रश्न त्यानंतरचा.

श्रावणाच्या अखेरीस

१७९१ साल. टिपूशी लढाई चालू होती. आमच्या वाचकांना जवळची खूण सांगायची तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये धारवाडचा किल्ला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाती आला होता. मराठ्यांची मोठी फौज कर्नाटकात गुंतलेली होती आणि पुण्यात नेहमीप्रमाणे श्रावणमासाची दक्षिणा वाटली जात होती. या दक्षिणेसाठी काशीपासून तेलंगणापर्यंतचे ब्राह्मण हजारोंनी येत. पर्वतीजवळच्या रमण्यात दक्षिणा घेऊन पावसापाण्यातून आपापल्या मुलखाला परतत.

ऑगस्टच्या अखेरीस परतीच्या वाटेवरच्या अशाच तेलंगी ब्राह्मणांची एक टोळी भवानी पेठेकडे घाशीरामाच्या बागेपाशी उतरली. बागेतल्या फळांवरून त्यांची आणि रखवालदारांची बाचाबाची झाली, तिचे पर्यवसान मारामारीत झाले. एरवी दोन शब्द बोलून मिटणारी गोष्ट. पण बाग कोतवालाची होती. ३५ च्या आसपास माणसे धरून एका अरुंद, हवा नसलेल्या कोठडीत कोंबली आणि बाहेरून कुलूप घातले. चावडीवर नोंद नाही, न्यायाधीशापुढे नेणे नाही. मुलूख परका, भाषा परकी, आणि ज्याच्याकडे दाद मागायची त्यानेच कोंडलेले.

शेजारी सरदार मानाजी फाकडे राहत होते. हे मानाजी शिंदे एकेकाळी राघोबादादांच्या पक्षाचे, म्हणजे नानांच्या मर्जीतले नव्हेत. कोंडलेल्यांची हकिकत कानी येताच त्यांनी जाऊन कुलूप तोडले. आत २१ माणसे गुदमरून मेलेली होती.

त्यानंतर घाशीरामाने जे केले ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोंडलेले लोक चोर होते आणि अफू खाऊन त्यांनी जीव दिला, अशा अर्थाची हकिकत त्याने नानांपुढे ठेवल्याचे सांगतात. आजवर कोठडीतल्या मृत्यूंच्या किती बातम्या आम्ही छापल्या असतील! पहिल्या दिवशीचा खुलासा बहुधा याच वळणाचा असतो. मेलेला सराईत गुन्हेगार होता, त्याला आधीचा आजार होता, त्याने स्वतःच गळफास लावून घेतला. काही वेळा ते खरेही असते. पण ते खरे आहे की नाही हे ठरवणारा माणूस त्या ठाण्याबाहेरचा असावा लागतो. १७९१ मध्ये तो माणूस योगायोगाने शेजारी राहत होता आणि कोतवालाला न भिणारा सरदार होता. एरवी २१ प्रेते गुपचूप जाळली गेली असती आणि घाशीराम आणखी काही वर्षे कोतवाल राहिला असता.

गारपिरावरचा निकाल

बातमी फुटली तशी शहरातले सगळे तेलंगी ब्राह्मण गोळा झाले आणि नानांच्या वाड्यावर चालून गेले. पेशवे सवाई माधवराव तेव्हा १७ वर्षांचे होते. घाशीरामाला पहाऱ्यात बसवून जमाव शांत होण्यासारखा नव्हता. देहान्ताखेरीज लोक काही ऐकायला तयार नव्हते. अखेर नानांनी आपल्या माणसावरचा हात काढून घेतला. ज्या शहरातून त्याची स्वारी दिमाखाने जाई, त्याच शहरातून घाशीरामाला हत्तीवर बांधून फिरवले आणि नंतर गारपिराच्या माळावर जमावाच्या स्वाधीन केले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी दगडांनी ठेचून त्याचा शेवट झाला. पुण्यातला इंग्रजांचा वकील मॅलेट याने हा प्रकार आपल्या वरिष्ठांना लिहून कळवला.

पुष्कळांना यात न्याय झाला असे वाटते. २१ घरांतली माणसे परत न आलेल्यांना तसे वाटले असेल तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण त्या दगडांखाली आणखीही काही गाडले गेले. कोठडीची किल्ली कोणाकडे होती, पहाऱ्यावर कोण होते, आतला आक्रोश ऐकून ते गप्प का बसले, याआधी त्या कोठडीत किती जण डांबले गेले, आणि गाऱ्हाणी असूनही हा माणूस १४ वर्षे कोणाच्या आधाराने टिकला, या प्रश्नांची जाहीर छाननी व्हायची राहिली. मेलेल्या कोतवालाची जबानी घेता येत नाही. नानांना काही विचारले गेले नाही. १८०० साली मरेपर्यंत कारभारातला त्यांचा दरारा, मधला थोडा पडता काळ सोडला तर, तसाच होता. कोतवालीवर दुसरा माणूस आला. चावड्या राहिल्या, रात्रीची तोफ राहिली, गस्त राहिली. कोतवालाविरुद्ध तक्रार ऐकणारी वेगळी कचेरी काही उघडली नाही.

नाटकातला आणि इतिहासातला

घाशीरामाच्या नावाने १८६३ साली मोरोबा कान्होबांनी पुस्तक लिहिले, ते मराठीतल्या सुरुवातीच्या कथात्म लेखनात मोडते. पण आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो विजय तेंडुलकरांचा घाशीराम. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात ते नाटक आले आणि त्यावर रण माजले. आपले नाटक ऐतिहासिक नव्हे, असे तेंडुलकरांनी स्वतःच सांगितले होते. त्यातल्या मुलीच्या सौद्याची कथा इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. भांडण झाले ते नानांच्या चित्रणावरून, आणि घाशीरामाला घडवणारा हात कोणाचा हा त्या नाटकाचा मुद्दा गदारोळात बाजूला पडला. म्हणजे १७९१ मध्ये जे घडले तेच पुन्हा घडले.

आज वाट आहे, ती चालावी लागते

आता दिवस बदलले आहेत, आणि ते कबूल केले पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी, कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला द्यावी, असा त्याने दंडक घातला. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले : अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी. २००५ च्या कायदेदुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणे आवश्यक झाले आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर वेगळी प्राधिकरणे नेमण्याचा आदेश झाला. २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत, कोठडीसह, कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला.

मानाजी फाकड्यांनी जे काम केले ते नेमून दिलेल्या माणसाने करावे, अशी ही सोय आहे. ती सगळ्या राज्यांत सारखी अमलात आलेली नाही, हेही तितकेच खरे. आपल्या जिल्ह्यात असे प्राधिकरण आहे का, त्याची कचेरी कुठल्या इमारतीत आहे, तक्रार कोणत्या भाषेत घेतली जाते, ठाण्यातला कॅमेरा चालू असतो का, हे विचारायला माणूस मरेपर्यंत थांबायचे कारण नाही. सीमेवरच्या माणसाला, ज्याला दोन राज्यांच्या आणि दोन भाषांच्या कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात, त्याने तर हे आधीच विचारून ठेवावे. त्या तेलंगी ब्राह्मणांना पुण्यात कोणाचे दार ठोठवायचे हे माहीत नव्हते.

म्हणून आमची वाचकांना आणि स्वतःलाही एक विनंती आहे. यापुढे कोणा अधिकाऱ्याला घाशीराम म्हणायची वेळ आली तर तेवढ्यावर थांबू नये. त्याला तिथे कोणी नेमले, त्याच्याविरुद्ध पूर्वी आलेल्या तक्रारींचे काय झाले आणि त्या कोणाच्या टेबलावर पडून राहिल्या, एवढे तरी त्याच पत्रकात विचारावे. आम्ही ते छापू.