झ्यूल व्हेर्न : एका नायकाचे राष्ट्रीयत्व

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वाङ्मयात झ्यूल व्हेर्नचे स्थान दीर्घकाळ अनिश्चित राहिले. जगभर वाचल्या गेलेल्या या कादंबरीकाराला त्याच्या देशातील प्रतिष्ठित समीक्षेने मुलांचा लेखक मानून बहुतांशी दूरच ठेवले. फ्रेंच अकादमीचे सदस्यत्वही त्याला कधी लाभले नाही. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्याच्या चरित्राकडे वळण्यास एक स्वतंत्र कारण आहे. त्याचा सर्वांत प्रसिद्ध नायक, कॅप्टन नेमो, हा बुंदेलखंडाचा राजपुत्र होय. तो भारतीय कसा झाला आणि पुढे परदेशी चित्रपटांत त्याचे भारतीयत्व कसे हरपत गेले, हा प्रश्न व्हेर्नच्या जीवनाशी निगडित आहे.

व्हेर्नचा जन्म 8 फेब्रुवारी 1828 रोजी नांत या फ्रेंच बंदराच्या गावी झाला. वडील वकील होते आणि थोरल्या मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. 1848 मध्ये तो कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला स्थायिक झाला. पण तेथे त्याचे मन रमले ते रंगभूमीवर. थोरल्या अलेक्सांद्र द्यूमाचा त्याला आश्रय मिळाला. काही वर्षे त्याने एका संगीत नाट्यगृहाचा चिटणीस म्हणून काम केले. 1857 मध्ये ओनोरीन या दोन मुलींच्या विधवा मातेशी त्याचा विवाह झाला आणि संसारासाठी तो शेअरबाजारात दलाली करू लागला. पहाटे लेखन आणि दिवसा दलाली, असा त्याचा क्रम होता.

1862 मध्ये प्रकाशक प्येर-झ्यूल एत्झेलशी झालेल्या परिचयाने त्याच्या आयुष्याला निश्चित दिशा मिळाली. पुढील वर्षी फुग्यातून आफ्रिकेवरील प्रवासाची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि 1864 पासून एत्झेलच्या शिक्षण व मनोरंजनाला वाहिलेल्या नियतकालिकातून व्हेर्नच्या कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या. एत्झेल हा केवळ प्रकाशक नव्हता; हस्तलिखिते तो बारकाईने तपासत असे आणि कुटुंबात सर्वांसमक्ष वाचता येईल असेच साहित्य छापण्याचा त्याचा कटाक्ष असे. या संबंधाने व्हेर्नला स्थैर्य दिले, तसेच त्याच्या लेखनावर मर्यादाही घातल्या.

या मर्यादांचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नेमो. समुद्राखालील प्रवासाची कादंबरी 1869–70 मध्ये प्रसिद्ध झाली. व्हेर्नच्या मूळ योजनेत नेमो हा पोलिश सरदार होता. 1863 च्या पोलिश उठावात रशियनांनी त्याचे कुटुंब नष्ट केलेले होते आणि त्याच्या सूडाला हे कारण होते. रशियाशी असलेले राजकीय संबंध आणि तेथील ग्राहकवर्ग ध्यानी घेऊन एत्झेलने याला हरकत घेतली. नेमोचे वैर गुलामांच्या व्यापाऱ्यांशी दाखवावे, अशी त्याची सूचना होती. ती व्हेर्नने मानली नाही. परिणामी नायक कोणत्याच राष्ट्राचा उरला नाही. लॅटिनमध्ये ‘कोणीही नव्हे’ असा अर्थ असलेले त्याचे नाव या तडजोडीने अधिकच सार्थ झाले.

ही रिकामी जागा व्हेर्नने 1874–75 मध्ये आलेल्या गूढ बेटाच्या कादंबरीत भरून काढली. मरणासन्न नेमो तेथे आपली ओळख सांगतो: तो राजपुत्र दक्कर, टिपू सुलतानाचा पुतण्या, युरोपात शिकलेला आणि 1857 च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. दोन्ही कादंबऱ्यांतील कालगणना परस्परांशी जुळत नाही, आणि बुंदेलखंडाचा म्हैसूरशी जोडलेला संबंधही इतिहासाला धरून नाही. व्हेर्नने भारत कधी पाहिला नव्हता. तथापि पराभूत राष्ट्राचा विद्वान प्रतिनिधी आपल्या कथेचा नायक व्हावा, हा त्याचा आग्रह पोलंडकडून भारताकडे अखंड राहिला, हे महत्त्वाचे आहे. किंग्स्टनच्या नावाने 1875 मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतराने या निवेदनातील ब्रिटिशविरोधी धार बोथट केली. म्हणजे नेमोच्या भारतीयत्वावरील पहिला आघात चित्रपटाने नव्हे, भाषांतराने केला.

याच लेखकाने 1880 मध्ये वाफेवर चालणाऱ्या यांत्रिक हत्तीची कादंबरी लिहिली आणि तीत बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांना सूडाने पेटलेला खलपुरुष केले. एकाच उठावाच्या या दोन परस्परविरोधी प्रतिमा आहेत. व्हेर्नला भारताचा कैवारी ठरविण्याची घाई मराठी अभ्यासकाने करू नये, एवढे भान त्यांतून यावे.

व्हेर्नचा उत्तरकाळ आम्येंमध्ये गेला. 1886 मध्ये मनोविकाराने ग्रस्त पुतण्याने झाडलेल्या गोळीने त्याच्या पायाला कायमचे अधूपण आले. त्याच महिन्यात एत्झेलही वारला. 1888 मध्ये तो नगरपरिषदेवर निवडून आला आणि 24 मार्च 1905 रोजी मधुमेहाच्या विकाराने मरण पावला. झॉर्झ मेलिएसचा चंद्रप्रवासाचा चित्रपट 1902 मध्ये, म्हणजे त्याच्या हयातीतच, निघाला होता. पुत्र मिशेलने वडिलांच्या अप्रकाशित हस्तलिखितांत मोठे फेरफार करून ती छापली आणि पुढे त्यांच्या कथांवर स्वतः चित्रपटही काढले.

परदेशी चित्रपटांचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. 1916 च्या अमेरिकन मूकपटात, बहामा बेटांजवळ पाण्याखाली प्रत्यक्ष चित्रीकरण करूनही, नेमोची भारतीय पूर्वकथा राखलेली होती. 1929 च्या हॉलिवुडपटात मात्र दक्कर हा एका कल्पित राज्याचा सरदार झाला. 1954 च्या डिस्ने-चित्रपटात जेम्स मेसनचा नेमो एका अनामिक राष्ट्राच्या वेठबिगारीच्या बेटावरून निसटलेला कैदी आहे. व्हेर्नने नाकारलेल्या एत्झेलच्या सूचनेचेच जणू हे रूपांतर होते. याउलट 1975 च्या सोव्हिएत दूरदर्शन-मालिकेने समुद्राखालील प्रवासाची कथा यांत्रिक हत्तीच्या कादंबरीशी जोडून भारतीय उठावाला मध्यवर्ती स्थान दिले. साम्राज्यविरोधी नायक त्या राजवटीस सोयीचा होता. पोलिश नेमो तिला तितकाच अडचणीचा ठरला असता. 2024 च्या इंग्रजी मालिकेत शाझाद लतीफने पुन्हा भारतीय राजपुत्र नेमो उभा केला.

भा. रा. भागवतांच्या रूपांतरांतून व्हेर्न वाचलेल्या मराठी वाचकाला तो प्रथम अद्भुत साहसांचा लेखक म्हणूनच भेटला. परंतु त्याच्या नायकाचे राष्ट्र प्रकाशकाने, भाषांतरकाराने आणि चित्रपटनिर्मात्याने आपापल्या बाजारपेठेनुसार पुसले किंवा पुन्हा लिहिले, ही बाब रूपांतराच्या अभ्यासात गौण मानता येणार नाही. बालसाहित्य निरुपद्रवी असते, या समजुतीमुळेच असे फेरफार फारशी चर्चा न होता पचून गेले. व्हेर्नच्या चरित्राचे तौलनिक महत्त्व येथेच आहे.