उतारावरच्या रेघेचं नाव

हिवाळी ऑलिम्पिकच्या रील्स पाहताना 'स्लॅलम' हा शब्द तुमच्या कानावर आला असेलच. झेंड्यांमधून नागमोडी घसरत खाली यायचं, ती ही शर्यत. मंठ्यात बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, तेव्हा शब्द परका वाटणारच. पण तो जिथून आला, ती माणसं काही परकी वाटणार नाहीत.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागात मोर्गेडाल नावाचं खेडं आहे. तिथे 1825 मध्ये सोंद्रे नोरहाइम जन्मला. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या तुकड्यावर राबणारं कूळ. पण हिवाळा आला की गडी डोंगरावर! तिथल्या बोलीत 'स्ला' म्हणजे हलका उतार आणि 'लोम' म्हणजे बर्फात उमटलेली घसरणीची रेघ. झाला स्लॅलम. गंमत बघा, उड्यांची लोम वेगळी, कड्यावरून जाणारी वेगळी. स्लॅलम त्यातली सोपी.

तोपर्यंत फळीला बुटाचा फक्त पुढचा भाग बांधत. सोंद्रेनं लवचीक डहाळ्या पिळून टाचेमागूनही पट्टा घेतला. आता उडी मारा, वळा, फळी पायातून सुटत नाही. एक पाय पुढे, गुडघा वाकलेला, हे त्याच्या भागाचं वळण 'टेलेमार्क' म्हणून जगभर गेलं. स्की-जंपिंगमध्ये आजही खेळाडू तसा उतरला नाही, तर गुण कापले जातात.

1868 मध्ये राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, स्पर्धा होती. सोंद्रे 42 वर्षांचा. सुमारे 200 किलोमीटर तो स्कीवरच गेला असं सांगतात. मंठ्याहून संभाजीनगरही एवढं लांब नाही! तिथे जाऊन शहरी पोरांना हरवून पहिला आला.

नाव झालं, पण नावानं चूल पेटत नाही. 1884 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यानं बायकामुलांसह अमेरिका गाठली. शेवटी राहिला नॉर्थ डकोटात. सपाट माळरान, घसरायला उतारच नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरांना हे समजवायला नको. 1897 मध्ये तो तिथेच गेला. थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगडही नव्हता.

1952 मध्ये ओस्लोला हिवाळी ऑलिम्पिक भरलं. त्याची ज्योत ग्रीसहून आणली नाही. ती पेटवली मोर्गेडालमध्ये, सोंद्रेच्या जुन्या घरातल्या चुलीवर.